'साऊंड' या शब्दाचे कूळ



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी निसरपुरात मला इंग्रजी मुळाक्षरे गिरवायला लावली. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि रस्त्यावर निमाडी असा माझा बालपणीचा भाषासंसार होता. गुरुजी ठासून सांगत, "साऊंड हा शब्द साहेबाने आपल्या 'स्वन'वरूनच उचलला." पुढे भाषाविज्ञान शिकताना हे मत मला सोडावे लागले, पण तसे त्यांना पत्राने कळविण्याचा धीर झाला नाही. ते राहिलेले पत्र आज वाचतो आहे.

'साऊंड'चे मूळ लॅटिन 'सोनुस'. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये 'सोन' झाले. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडात आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून तो शब्द 'सून' या रूपाने इंग्रजीत शिरला. शेवटचा 'ड' मुळात नव्हताच. तो लोकांच्या जिभेने पुढे जोडला. आपल्याकडे 'वानर'चा 'वांदर' होताना 'न'च्या मागून 'द' घुसला, त्याच जातीचा हा प्रकार. शिष्टांनी अशा उच्चारांना नाके मुरडावीत आणि अखेर तेच कोशात बसावेत, हे सर्वत्र घडते.

मग 'स्वन'चे काय? 'सोनुस' आणि 'स्वन' ही सख्खी भावंडे. दोघांची आई त्याहून प्राचीन. गुरुजींची चूक नात्याविषयी नव्हती, नात्याच्या नावाविषयी होती. बहिणीला त्यांनी लेक म्हटले एवढेच. आणखी एक गंमत त्यांना नक्की आवडली असती. अमरकोशात 'स्वन'शेजारी 'ध्वनि' बसला आहे. त्या 'ध्वनि'चे भावंड इंग्रजीत 'डिन' म्हणून नांदते, आणि ते फ्रेंचांकडून आलेले नाही, इंग्रजीचे घरचेच आहे. मात्र आनंदवर्धनाने ज्या ध्वनीला काव्याचा आत्मा मानले, त्याच्या इंग्रज भावाच्या वाट्याला अर्थ आला तो गोंगाटाचा!

'साऊंड'चे निरोगी आणि सामुद्रधुनी असेही अर्थ आहेत. त्यांची कुळे जर्मानिक. चौथा अर्थ पाण्याची खोली मोजणे. तोही 'सोनुस'चा नव्हे.

सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरले आणि जुने निसरपुर नर्मदेच्या फुगवट्यात गेले. नंतर एकदा मी तेथे नावेतून गेलो. शाळेची जागा कोठे असावी, असे मी विचारले. नावाड्याने उत्तरादाखल बांबू पाण्यात सोडला, तळ लागल्यावर वर काढला आणि ओल्या खुणेवर बोट ठेवले.