पोटांतील जंतु आणि भ्रांत मेंदु



घरांतील एखादा शांत, व्यवहारी गृहस्थ हळूहळू बदलूं लागतो. रात्रीं जागतो, दिवसा झोपतो, जमाखर्चाच्या वहींतील त्याचें अक्षर बिघडतें आणि एके दिवशीं तो भलतेंच बोलूं लागतो. घरचीं माणसें म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. परंतु कित्येकदां मूळ दोष यकृताचा असतो. हें नातें कसें उमगलें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८७७ सालीं एक्क या रशियन शस्त्रवैद्यानें कुत्र्यांच्या आंतड्यांकडील रक्त यकृतांत न जातां परस्पर मोठ्या शिरेंत जाईल, अशी शस्त्रक्रिया केली. जलोदरावर उपाय शोधावा, हा त्याचा हेतु. १८९३ सालीं पाव्हलॉव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनीं तीच शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यांस मांस खाऊं घातलें, तेव्हां तीं चिडखोर झालीं, झोकांड्या खाऊं लागलीं, कांहीं तर बेशुद्ध पडलीं.

याचें कारण असें. आंतड्यांतील जंतु अन्नाचे घटक कुजवितात व त्यांतून अमोनिया निघतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करून निरुपद्रवी बनवितें. यकृत निबर झालें म्हणजे तें विष मेंदूपर्यंत पोहोंचतें.

यावरून वैद्यांनीं घाईनें एक निष्कर्ष काढला, तो हा कीं, रुग्णाच्या ताटांतून मांस, डाळ, दूध काढून टाकावें. कित्येक दशकें असेंच चाललें. रुग्ण वाळत गेले; आणि अमोनिया शोषून घेण्याचें काम कांहीं अंशीं स्नायूहि करतात, तेच क्षीण होत गेले! २००४ सालीं बार्सिलोना येथील वैद्यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, पुरेशा प्रथिनांनीं अशा रुग्णांचें नुकसान होत नाहीं.

मग लक्ष जंतूंकडे गेलें. प्रथम जंतुनाशक औषधें आलीं. १९६६ सालीं लॅक्ट्युलोज या रेचक शर्करेचा उपयोग प्रसिद्ध झाला. पुढें प्रश्न निघाला कीं, वाईट जंतु मारण्याऐवजीं चांगले जंतूच कां वसवूं नयेत? निरोगी माणसाच्या मलाचा औषधी उपयोग चीनमध्यें चौथ्या शतकांतहि नमूद आहे. १९५८ सालीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें आंतड्यांच्या भयंकर दाहाच्या चार रुग्णांस असा मल बस्तीवाटे दिला होता. २०१७ सालीं व्हर्जिनियांतील वैद्यांनीं यकृतविकारानें वारंवार भ्रांति येणाऱ्या वीस पुरुषांवर हा प्रयोग केला. पांच महिन्यांत, नेहमींच्याच उपचारावर ठेवलेल्या दहांपैकीं पांचजणांस पुन्हां भ्रांति आली. मलोपचार घेतलेल्या दहांपैकीं एकासहि आली नाहीं.

परंतु वीस माणसें म्हणजे जग नव्हे. २०१९ सालीं अमेरिकेंत दान केलेल्या मलांतून औषधांस न जुमानणारे जंतु दोन रुग्णांच्या शरीरांत शिरले. त्यांपैकीं एक याच भ्रांतीचा रुग्ण होता. तो वांचला, दुसरा दगावला. तेव्हांपासून दात्याची तपासणी अधिक कडक झाली. हा उपचार अद्याप परीक्षेच्याच अवस्थेंत आहे. घरीं करून पाहण्याचा तर मुळींच नव्हे.

तोंवर आपल्या हातीं एवढें आहे. यकृताच्या रुग्णाचें बोलणें विचित्र झालें, तर तो त्याचा स्वभाव समजूं नये. विलंब न लावतां वैद्यास कळवावें. आणि वैद्यानें सांगितल्याखेरीज त्याच्या ताटांतलें वरण काढून घेऊं नये.