ऐकलेलं गाणं आणि राखलेलं गाणं

गाणं ही विकत घेऊन घरी आणायची वस्तू आहे, ही कल्पना आपल्याकडे जेमतेम सव्वाशे वर्षांची. त्याआधी गाणं ऐकायचं तर गाणाऱ्याकडे जावं लागे किंवा त्याला बोलवावं लागे. मैफल उठली की गाणंही उठलं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगत. मुद्रण इथं होत असलं तरी तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना आवाज कुणाचा हे कळावं, म्हणून ही सोय. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि लाखेच्या त्या काळ्या तबकड्या इथंच बनू लागल्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात ख्याल बसवायचा!

तरीही ग्रामोफोन ही श्रीमंताघरची वस्तू होती. एकाने रेकॉर्ड विकत घ्यायची आणि दहांनी ऐकायची, अशी रीत होती. गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली ती एका दुकानात लागलेल्या रेकॉर्डवर. पुढे १९३३ मध्ये गाणं शिकण्यासाठी त्यांनी घर सोडलं. ती तबकडी त्यांच्या मालकीची नव्हती, पण कुणाच्या तरी मालकीची होती, म्हणून ती वाजली.

याच काळातली दुसरी गोष्ट उस्ताद अल्लादिया खाँ यांची. जयपूर-अत्रौली घराण्याच्या या महान गवयाच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचं गाणं उरलं ते शिष्यांच्या गळ्यात. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचं गाणं मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून थेट अवकाशात गेलं. ते निवडणाऱ्यांना केसरबाईंची ती ध्वनिमुद्रिका बाजारात मिळेना. शेवटी ती सापडली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात. कुणीतरी ती टाकून दिली नव्हती, एवढ्यावर सगळं निभावलं.

ऐकण्यासाठी मालकीची गरज नाही, हे आपल्याला शिकवलं रेडिओने. १९५२ मध्ये सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, १९५७ मध्ये विविध भारती आली. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ ऐकायला लोक रेडिओभोवती गोळा होत. छप्पन्न गाणी झाली. त्यातलं एखादं चुकलं, तर पुन्हा लागेपर्यंत वाट पाहायची. आपल्या हातात फक्त फर्माईश करणं होतं.

गरिबाच्या हाती मालकी आली ती कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गावोगाव पोचली. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी किमती इतक्या खाली आणल्या, की आठवडी बाजारात भाजीशेजारी कॅसेट विकल्या जाऊ लागल्या. बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं, असे शाहीर, कव्वाल, भारूडकार कॅसेटवर आले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागत. उरुसात कव्वालीच्या कॅसेट लागत.

आमच्या कोकणातल्या मुस्लिम घरांत कॅसेटला आणखी एक काम होतं. आखातात गेलेला माणूस सुट्टीवर येताना टू-इन-वन आणायचा. त्याच्या आईला लिहिता येत नसे. मग ती कोऱ्या कॅसेटवर बोलायची आणि ती कॅसेट कुणाबरोबर तरी कुवेतला जायची. माझ्या नानीने मामूसाठी भरलेली अशी एक कॅसेट माझ्याकडे आहे. एका बाजूला कव्वाली, दुसऱ्या बाजूला नानी सांगते आहे की विहिरीचं पाणी आटलं, फणस यंदा बरे लागलेत, तू जेवतोस ना वेळेवर? मध्येच कोंबडा आरवतो. जगातल्या कोणत्याही कंपनीच्या यादीत हे मिळणार नाही.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. सीडी आली, एमपीथ्री आली, रिचार्जच्या टपरीवर मेमरी कार्डात शेकडो गाणी भरून मिळू लागली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गाणी साठवण्याचीच गरज संपली. मुंबईतलं ऱ्हिदम हाउस त्याच वर्षी बंद झालं. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. आता महिन्याकाठी थोडे पैसे देऊन, किंवा जाहिराती सोसून फुकटसुद्धा, कोट्यवधी गाणी कुणालाही ऐकता येतात. ही केवढी मोठी गोष्ट आहे! ज्या गाण्यासाठी भीमसेनजींना दुकानाशी उभं राहावं लागलं, ते आज शेतावरच्या पोराच्या खिशात आहे. या सोयीला नाक मुरडणं मला जमणार नाही.

पण इथं आपण पैसे देतो ते ऐकण्याचे. गाणं कंपनीकडेच राहतं, आणि कंपनीचा करार असेपर्यंतच ते तिथं असतं. मार्च २०२३ मध्ये करार न जमल्याने झी म्युझिकची अनेक गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी दिसेनाशी झाली. २०२४ मध्ये एअरटेलने आपलं विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. रेकॉर्डची कंपनी बुडाली तरी घरातली रेकॉर्ड वाजत राहायची. ती मित्राला देता यायची, चोरबाजारात विकता यायची, मुलाला वारशात मिळायची. मोबाइलमधली यादी वारशात देता येत नाही.

आज इंटरनेटवर जुन्या नाटकांची पदं, विस्मृतीत गेलेल्या गायिकांच्या तीन मिनिटांच्या ठुमऱ्या ऐकू येतात. त्यातलं बरंचसं कंपन्यांच्या कोठारातून आलेलं नाही. लोकांच्या माळ्यावरून, कपाटांतून, रद्दीतून ते आलं. १९९० मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. अशा हौशी माणसांनी तबकड्या पुसल्या, त्यांच्या याद्या केल्या. ऐकणाऱ्यांची पिढी राखणाऱ्यांच्या जिवावर ऐकते, ती अशी.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. मोबाइलवर जरूर ऐका. पण घरातल्या जुन्या कॅसेट भंगारवाल्याला देण्याआधी एकदा वाजवून पाहा. गावातल्या शाहिराची, भजनी मंडळाची, कव्वालाची एखादी कॅसेट असेल, तर तिची प्रत करून घ्या, वर नाव आणि साल लिहा आणि दोन घरी ठेवा. मोठ्या गायकांची काळजी बाजार घेईल. आपल्या माणसांचे आवाज आपल्यालाच राखायचे आहेत.