पत्ता बदललेला शब्द

पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर आधीच्या मालकाने निळ्या शाईत एवढंच लिहून ठेवलंय : बोईसर, जि. ठाणे. नाव नाही, तारीख नाही. पण तारखेचा अंदाज बांधता येतो. पुस्तक 'जावा ईई ७' शिकवणारं आहे आणि जावाची ती आवृत्ती आली २०१३ साली. बोईसर ज्यात गेलं तो पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे त्या मधल्या वर्षभरात कधीतरी बोईसरच्या कुणीतरी हे जाडजूड पुस्तक विकत घेतलं असावं आणि मोठ्या संस्थांसाठी वेबवर चालणारी ॲप्लिकेशन्स कशी लिहायची, हे एकट्याने शिकायला बसलं असावं. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल यायला लागली तीही २०१३ मध्येच. त्या माणसानेही हे पुस्तक माझ्यासारखं गाडीतच उघडलं असेल का, असं वाटून जातं.

मला ते रद्दीच्या दुकानात मिळालं. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी काम करतो. माल आत आला की एका वहीत नोंद, बाहेर गेला की दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या वेगवेगळ्या टेबलांवर. गेटवरच्या माणसाला आणि स्टोअरमधल्या माणसाला ब्राउझरमध्ये एकच पान दिसावं, एवढ्यासाठी हे शिकायला घेतलं. क्लास लावला नाही. सफाळ्याहून बोईसरला येताना केळवे रोड, पालघर, उमरोळी करत साधारण अर्धा तास हाताशी असतो, तेवढ्यात जेवढी पानं होतील तेवढी.

एकट्याने पुस्तकातून शिकताना शंका विचारायला समोर कुणी नसतं. मग मी शब्दालाच विचारतो, बाबा, तू आलास कुठून? बऱ्याचदा तो उत्तर देतो.

'शिकणे' हाच शब्द घ्या. त्याच्या मुळाशी संस्कृत 'शिक्ष्' आहे आणि 'शिक्ष्' हे 'शक्' धातूचं इच्छार्थी रूप. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, तशी शक्य व्हावं ही इच्छा ती शिक्षा. मराठीत शिक्षेला दंडाचा अर्थ चिकटला तो फार नंतर. मूळ शब्दात दंड नाही, गुरुजी नाहीत, वर्गही नाही. आपल्याला हे जमावं, एवढीच ओढ आहे. 'अभ्यास' त्याहून कष्टाळू. अभि आणि अस्, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या दिशेने पुन्हा पुन्हा फेकत राहणं. पाणिनीच्या व्याकरणात तर 'अभ्यास' ही पारिभाषिक संज्ञा आहे. धातूचं द्वित्व झालं की त्यातल्या पहिल्या भागाला ती लागते. 'ददाति' मधला पहिला 'द' म्हणजे अभ्यास. तीच अक्षरं दुसऱ्यांदा उच्चारली की शब्द पुरा होतो. कोडची तीच ओळ तिसऱ्यांदा टाइप करताना हे आठवलं की हात थकत नाहीत.

पुस्तकाच्या नावातला 'एंटरप्राइज' आमच्या भागाला परका नाही. बोईसर स्टेशनपासून एमआयडीसीकडे चालत निघालात तर 'एंटरप्रायझेस'च्या पाट्याच पाट्या दिसतील : पाइप-फिटिंग पुरवणारे, फॅब्रिकेशन करणारे, एका गाळ्यात दोन मशीनं लावून बसलेले. पुस्तकात मात्र तोच शब्द हजारो वापरणारे एकाच वेळी आत शिरतील अशा मोठ्या कंपनीसाठी येतो. मूळ फ्रेंच शब्दाला या दोघांत फरक वाटला नसता. 'आंत्रप्रांद्र' म्हणजे दोन हातांमध्ये धरणं, हाती घेणं. काम 'हाती घेतलं' असं आपण म्हणतो तेव्हा फ्रेंचांचंच चित्र आपल्याही डोळ्यांपुढे असतं. आपला 'उद्योग' वेगळा, त्यात 'युज्' आहे, जुंपणं आहे. माझी आजी मला पुस्तक घेऊन बसलेला पाहून विचारते, "कसला उद्योग चाललाय?" त्या प्रश्नात कारखाना नसतो, जुंपलेला माणूस असतो. तोच अर्थ मला जास्त जवळचा वाटतो.

'वेब' या शब्दाने मला किनाऱ्यावरच्या सातपाटी गावाला नेलं. इंग्रजी 'वेब' म्हणजे विणलेलं कापड. विणणं या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून तो आला त्याचाच एक धागा संस्कृतात 'ऊर्णवाभि' या शब्दात शिल्लक आहे. ऊर्णवाभि म्हणजे लोकर विणणारा, म्हणजेच भिंतीवरचा कोळी. 'नेट' मात्र मासे धरणाऱ्याचं. इंग्रजीत हे दोन शब्द दोन वेगळ्या कारागिरांचे राहिले : वेब भिंतीवरच्या कोळ्याचं, नेट माणसाचं. मराठीने दोघांना एकच नाव दिलं. भिंतीवरचाही कोळी, सातपाटीच्या खाडीतून होडी काढणाराही कोळी, आणि दोघांच्या हातात जाळं. 'महाजाल' हा शब्द कुणी समितीत बसून घडवला असेल, पण तो आमच्या किनाऱ्यावर उपरा वाटत नाही त्याचं कारण हे असावं. तंत्रज्ञानातलं 'तंत्र' देखील मुळात मागावरचा ताणा आहे, 'तन्' म्हणजे ताणणं यावरून आलेला. विणकाम या विषयाला काही सोडत नाही.

आता ज्या शब्दापाशी मी सगळ्यात जास्त दिवस अडलो, तो 'सेशन'. प्रकरण वाचलं, उदाहरण चालवलं, आणि तरीही हे का लागतं ते कळेना. अडचण अशी आहे की ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्या नियमांना आठवण नाही. खिडकीपलीकडच्या कारकुनाने तुमचा अर्ज घ्यावा, उत्तर द्यावं आणि तुम्ही वळून दुसरा अर्ज पुढे केलात की "आपण कोण?" असं नव्याने विचारावं, तसं. गेटवरच्या माणसाने नाव आणि पासवर्ड टाकला, पुढच्या पानावर गेला, की सर्व्हरच्या लेखी तो पुन्हा अनोळखी. यावर तोड म्हणून सर्व्हर पहिल्या भेटीतच एक क्रमांक देऊन ठेवतो, ब्राउझर दर वेळी तो दाखवतो, आणि सर्व्हर त्या क्रमांकाखाली ठेवलेल्या नोंदी उघडतो. हे चालू असतं तोवर सेशन.

मराठीत सेशनला 'सत्र' म्हणतात हे ठाऊक होतं. शाळेचं पहिलं सत्र, दुसरं सत्र, सत्र न्यायालय. मी ते सरळ भाषांतर समजत होतो. मग मूळ पाहिलं. वैदिक 'सत्त्र' म्हणजे बारा दिवस किंवा त्याहून जास्त चालणारा सोमयाग, ज्यात ऋत्विज एकत्र बसत. धातू 'सद्', बसणे. सभासद, परिषद, संसद, उपनिषद या सगळ्यांत तोच बसलाय. आणि लॅटिनमध्ये 'सेशन'चा धातू 'सेदेरे', अर्थ बसणे. सद् आणि सेदेरे हे एकाच आदिम धातूचे दोन फाटे. म्हणजे 'सत्र' हा 'सेशन'चा निव्वळ प्रतिशब्द नाही, तो त्याचा भाऊबंद आहे. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन भाऊ न्यायालयाच्या पाटीवर भेटले आणि आता माझ्या कोडमध्ये. हे समजलं त्या दिवशी प्रकरणही समजलं. सेशन म्हणजे बैठक. माणूस उठून गेला की नाही हे सर्व्हरला दिसत नाही, म्हणून तो वाट पाहतो. टॉमकॅट हा सर्व्हर मुळात तीस मिनिटं थांबतो, तेवढ्या वेळात हालचाल झाली नाही तर बैठक मोडली असं धरतो.

'जावा'कडे वळतो. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही भाषा जगापुढे आणली. आधी तिचं नाव 'ओक' होतं, तिचे कर्ते जेम्स गॉसलिंग यांच्या कचेरीबाहेरच्या झाडावरून. ते नाव दुसऱ्या कुणाकडे आधीच असल्याने बदलावं लागलं आणि कॉफीमुळे प्रसिद्ध असलेल्या बेटाचं नाव घेतलं गेलं. त्या बेटाला रामायणात यवद्वीप म्हटलंय, आणि प्राचीन भूगोलकार टॉलेमीनेही त्याचा अर्थ सातूचं बेट असाच नोंदवला आहे. यव म्हणजे जव, सातू. शब्दाच्या आरंभीचा य मराठीत येता येता ज झाला : यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, यवाचा जव झाला. जावा हे नावही त्याच वळणाचं वाटतं. पुस्तकाच्या पाठीवर वाफाळणारा पेला छापलाय, पण मला तिथे आता जवाची लोंबी दिसते.

आणि मग ती एरर. पुस्तकात दिलेला पहिला सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा जावाचा तुकडा, मी अक्षर न अक्षर उतरवला. सुरुवातीची ओळ 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' मागवणारी. टॉमकॅट मी नवा उतरवून घेतला होता, दहाव्या आवृत्तीचा. कंपायलर म्हणाला, असं काही अस्तित्वातच नाही. तीन दिवस मी माझीच चूक शोधत होतो. 'चूक' आणि 'एरर' दोन्ही शब्द रस्त्यावरचेच आहेत म्हणा : लॅटिन 'एरारे' म्हणजे भटकणं, आणि आपण वाट चुकतो. पण मी वाट चुकलो नव्हतो. मी नीट जुन्या पत्त्यावर गेलो होतो.

घडलं ते असं. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. ओरॅकलने २०१७ मध्ये जावाचा हा एंटरप्राइज भाग एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवायचं ठरवलं, पण 'जावा' या नावावरचा हक्क सोडला नाही. नवं नाव हवं झालं, मतदान झालं आणि २०१८ मध्ये ठरलं 'जकार्ता ईई'. पुढच्या वर्षी हेही स्पष्ट झालं की 'जावाएक्स'ने सुरू होणाऱ्या नावांखाली एक्लिप्सला बदल करता येणार नाहीत. म्हणून २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं तेव्हा त्या भागातल्या नावांचा आरंभ बदलून 'जकार्ता' करण्यात आला. आतली यंत्रणा जवळजवळ तीच. दारावरची पाटी नवी, आणि माझा दहावा टॉमकॅट तीच नवी पाटी ओळखणारा.

जकार्ता हे जावा बेटावरचंच शहर, आणि नावं बदलण्याचा अनुभव त्याला भरपूर. आधी ते सुंदा कलापा होतं. १५२७ मध्ये ते जिंकून घेतल्यावर जयकर्ता झालं, जय आणि कृत यांच्यापासून. १६१९ नंतर डचांनी त्याला बटाव्हिया केलं, आणि विसाव्या शतकात जयकर्ताच जकार्ता होऊन परत आलं. सातूच्या बेटावरून निघालेल्या भाषेचा एक भाग विजयाच्या नगरात मुक्कामाला गेला, आणि दोन्ही नावं संस्कृत.

मी मोठ्या उत्साहाने सगळीकडचे जावाएक्स बदलून जकार्ता केले. सर्व्हलेट चालला, डेटाबेसशी बोलणारं पान बंद पडलं. कारण 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' हा भाग मूळ जावाच्या घरातला, तो एक्लिप्सकडे गेलाच नव्हता. त्याचं नाव तेच राहिलं. आमच्याकडे हे समजावून सांगायला सोपं आहे. २०१४ च्या त्या ऑगस्टमध्ये वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात आले. शहापूर, मुरबाड ठाण्यातच राहिले. शहापूरच्या माणसाने पत्त्यात पालघर लिहिलं तर पत्र भरकटेल आणि बोईसरच्या माणसाने ठाणे लिहिलं तर पोस्टमन ओळखून घेईल. कंपायलर ओळखून घेत नाही, एवढाच फरक. फॅक्टरीतले जुने लेटरहेड, गेटपासची पुस्तकं, दुकानांवरच्या पाट्या, सगळ्यांवर तेव्हा 'जि. ठाणे' होतं. घरं हलली नाहीत, चिंचा हलल्या नाहीत. तरी प्रत्येक अर्जावर नवा शब्द लिहावा लागला, आणि काही महिने हात आपोआप जुनाच लिहायचा.

मंगळवारी उमरोळी सुटल्यावर लॅपटॉपच्या पडद्यावर आवक-जावकची पहिली नोंद दिसली. एक ओळ जकार्ताची, एक जावाएक्सची, दोन्ही आपापल्या जागी. खिशातून पेन्सिल काढून मी पुस्तकातल्या त्या उदाहरणाच्या समासात दोन्ही नावं लिहिली, कुठलं बदललं आणि कुठलं नाही ते. पहिल्या पानावरचा निळ्या शाईतला पत्ता मात्र तसाच ठेवला.