डोंगराळ मार्गावरची पहिली हाफ ट्रायथलॉन: तयारी कशी करायची आणि घाटात दम का राखून ठेवायचा?

आधी १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचं. मध्ये विश्रांती नाही. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलण्यात गेलेला वेळसुद्धा एकूण वेळेत मोजला जातो. याला हाफ ट्रायथलॉन किंवा हाफ आयर्नमॅन म्हणतात. एकूण अंतर ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल होतं. 'आयर्नमॅन ७०.३' या नावातला आकडा तिथूनच आला आहे.

भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात झाली. मिरामारच्या समुद्रात पोहणं आणि पणजी परिसरात सायकलिंग व धावणं, असं तिचं स्वरूप होतं. त्यानंतर महाराष्ट्रातल्या अनेक हौशी धावपटूंनी आणि सायकलस्वारांनी या अंतराकडे मोर्चा वळवला.

पण सपाट रस्त्यावरचं ९० किलोमीटर सायकलिंग आणि चढ-उतारांच्या रस्त्यावरचं ९० किलोमीटर यांत मोठा फरक आहे. डोंगराळ मार्गावर पहिल्यांदा उतरणाऱ्याची स्पर्धा बहुतेक वेळा धावताना बिघडते, पण त्याचं कारण तासाभरापूर्वी सायकलवर घडलेलं असतं.

मार्ग 'डोंगराळ' आहे हे कसं ओळखायचं?

नाव नोंदवण्याआधी स्पर्धेच्या माहितीपुस्तिकेत सायकल मार्गाची एकूण चढाई बघावी. ती मीटरमध्ये दिलेली असते. मात्र केवळ बेरजेवर जाऊ नये. १,००० मीटरची चढाई एकाच लांब घाटातून होऊ शकते किंवा ३०-४० छोट्या चढांतूनही होऊ शकते. दोन्हींची तयारी वेगळी असते.

फ्रान्समधल्या नीस शहरात २०१९ साली ७०.३ अंतराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे कोल द व्हान्स नावाची सुमारे १० किलोमीटरची सलग चढण होती. तिथे एकाच लयीत बराच वेळ चढत राहण्याचा सराव लागतो. याउलट छोट्या-छोट्या चढांच्या मार्गावर प्रत्येक चढाला थोडा जास्त जोर लावण्याचा मोह होतो आणि असे ३० मोह एकत्र आले की पाय संपतात.

म्हणून मार्गाचा आलेख बघताना तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: सर्वांत लांब चढ किती, सर्वांत तीव्र चढ किती टक्क्यांचा आणि शेवटच्या २० किलोमीटरमध्ये काय आहे.

चढावर जोर लावून किती वेळ वाचतो?

समजा, सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो आहे आणि ६ टक्क्यांचा ३ किलोमीटरचा चढ आहे. ताशी १० किलोमीटर वेगाने चढायला साधारण १४५ वॅट शक्ती लागते आणि चढ १८ मिनिटांत संपतो. ताशी १२ किलोमीटरने चढायचं तर १७५ वॅटच्या आसपास शक्ती लागते आणि १५ मिनिटं लागतात.

म्हणजे ३ मिनिटं वाचवण्यासाठी जवळपास ३० वॅट अधिक खर्च करावे लागतात. नवख्या स्वारासाठी हा फरक गप्पा मारत चढणं आणि धापा टाकत चढणं यातला आहे. धापा लागल्या की शरीर साठवलेलं ग्लायकोजेन वेगाने वापरतं. हा साठा मर्यादित असतो आणि पुढे धावताना त्याचीच गरज असते. वाचवलेली ३ मिनिटं मग शेवटच्या १० किलोमीटरमध्ये चालत जाऊन दामदुपटीने परत द्यावी लागतात.

साधा नियम असा: स्पर्धेत कोणत्याही चढावर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. दोनच शब्द निघत असतील, तर वेग कमी करायचा. मागून येणारे पुढे गेले तरी हरकत नाही.

वेळेच्या मर्यादेचं काय?

सावकाश जायचं, पण किती? आयर्नमॅन ७०.३ स्पर्धांत साधारणपणे पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं, सुरुवातीपासून सायकलिंग संपेपर्यंत ५ तास ३० मिनिटं आणि एकूण ८ तास ३० मिनिटं मिळतात. स्पर्धेनुसार यात बदल होतो, म्हणून आपल्या स्पर्धेची पुस्तिका वाचावी.

एक उदाहरण घेऊ. पोहायला १ तास, कपडे बदलायला ८ मिनिटं, ताशी २१ किलोमीटर सरासरीने सायकलिंगला ४ तास १७ मिनिटं. इथपर्यंत ५ तास २५ मिनिटं झाली, म्हणजे मर्यादेपेक्षा फक्त ५ मिनिटं कमी. पुढे बूट बदलायला ६ मिनिटं आणि किलोमीटरला ८ मिनिटं या गतीने धावायला २ तास ४९ मिनिटं. एकूण ८ तास २० मिनिटं. या हिशोबात एक पंक्चरही बसत नाही.

त्यामुळे डोंगराळ मार्गाची तयारी म्हणजे घाटात ईर्ष्येने चढण्याची तयारी नव्हे. कमी श्रमात पुरेशा वेगाने चढता यावं, यासाठीची ती तयारी असते. ती सरावाच्या महिन्यांतच होते, स्पर्धेच्या दिवशी नाही.

सुरुवात कधी करायची?

ज्यांना सलग ४०० मीटर पोहता येतं, ४० किलोमीटर सायकल चालवता येते आणि १० किलोमीटर धावता येतं, त्यांनी किमान २० आठवडे हाताशी ठेवावेत. पोहणंच शिकायचं असेल, तर त्याहून अधिक वेळ लागेल. वय ३५ च्या पुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

नोकरी सांभाळून करता येईल असा मधल्या टप्प्यातला आठवडा साधारण असा असतो:

- सोमवार: विश्रांती
- मंगळवार: पोहणं, ४५ मिनिटं
- बुधवार: चढावर सायकलिंग, सव्वा तास
- गुरुवार: धावणं, ५० मिनिटं
- शुक्रवार: पोहणं ४५ मिनिटं आणि व्यायामशाळेत अर्धा तास
- शनिवार: लांब सायकलिंग ३ तास आणि लगेच २० मिनिटं धावणं
- रविवार: लांब धावणं, दीड तास

हे सगळे मिळून ९ तास होतात. तीन आठवडे भार वाढवत न्यायचा आणि चौथ्या आठवड्यात तो कमी करायचा. शेवटचे दोन आठवडे सराव आणखी कमी करायचा, म्हणजे पाय ताजे राहतात.

चढाचा सराव कुठे आणि कसा?

या बाबतीत सह्याद्रीच्या आसपास राहणारे नशीबवान आहेत. पुणेकरांना बोपदेव घाट, कात्रजचा जुना घाट आणि सिंहगडाचा रस्ता आहे. ठाण्यात येऊर आहे, तर कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळ्याचे चढ जवळ आहेत. सिंहगडाचा चढ बराच तीव्र आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करू नये.

चढावर ८ मिनिटं स्थिर जोराने चढायचं, मग सावकाश खाली यायचं. असं चार वेळा करायचं. दर दोन आठवड्यांनी एखादी फेरी वाढवायची. विदर्भ-मराठवाड्यातल्या सपाट भागात राहणाऱ्यांनी समोरून येणाऱ्या वाऱ्यात सराव करावा किंवा घरात होम ट्रेनरवर जड गिअर लावून तोच वेळ काढावा.

गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत आली आहे. म्हणजे २० आठवड्यांचा सराव ऐन पावसाळ्यात सुरू होतो. घाटात दरड, शेवाळ आणि धुकं असताना उतारावर जाण्यापेक्षा होम ट्रेनर बरा.

सायकल कोणती? गिअर कोणते?

पहिल्या स्पर्धेसाठी महागडी ट्रायथलॉन बाइक घेण्याची गरज नाही. साधी रोड बाइक चढावर आणि वळणावर नवख्याला सोपी जाते. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते गिअरवर करावेत.

पुढे ३९ आणि मागे २५ दात्यांचा गिअर असेल, तर ताशी ९-१० किलोमीटर वेगाने चढताना पॅडल मिनिटाला जेमतेम ४८ वेळा फिरतं. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर येतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील, तर त्याच वेगाला पॅडल सुमारे ७० वेळा फिरतं. वेग तोच, पण मांड्यांवरचा ताण कमी. मागची कॅसेट बदलण्याआधी डिरेलरला ती चालेल का, हे दुकानात विचारून घ्यावं.

उतार म्हणजे विश्रांती का?

दम खाण्यासाठी उतार चांगला, पण बेसावध राहण्यासाठी नाही. वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून वेग कमी करावा, वळणात ब्रेक करकचून दाबू नये. हात ब्रेकवर हवेत, पुढच्या एरोबारवर नाहीत. आपल्या घाटांत खडी, अचानक येणारे गतिरोधक आणि चुकीच्या बाजूने येणारी वाहनं असतात. उताराचा सराव सकाळी लवकर आणि शक्यतो सोबतीने करावा.

धावण्याच्या मार्गातही चढ असेल, तर उतारावर धावण्याचा वेगळा सराव लागतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात आणि त्यांना बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशी जिने उतरताना होणारी कळ हीच. थोडा-थोडा सराव आधीपासून केला, तर स्नायू याला सरावतात. स्क्वॉट, लंजेस आणि पायरीवर चढ-उतार हे व्यायामही कामी येतात.

पोहण्याचं काय?

२५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. पण खुल्या पाण्यात तळाची रेघ नसते, भिंतही नसते. दर ८-१० हातांनंतर डोकं थोडं वर काढून समोरचा बोया बघण्याची सवय लावावी. गोव्यासारख्या कोमट समुद्रात वेटसूट चालत नाही, त्यामुळे त्याच्या तरंगण्यावर भिस्त ठेवू नये.

धरणात किंवा समुद्रात एकट्याने कधीही उतरू नये. अनेक जलाशयांत पोहायला बंदी असते. सोबत, जीवरक्षक आणि परवानगी या तिन्ही गोष्टी असतील तिथेच सराव करावा.

खायचं काय आणि कधी?

सायकलवर दर तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदकं हे नवख्यांसाठी चांगलं लक्ष्य आहे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे चार तासांच्या सायकलिंगला २४० ग्रॅम लागतील. केळी, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, जेल, स्पोर्ट्स ड्रिंक यांपैकी पोटाला जे मानवतं ते सरावातच शोधावं. स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नये.

घाटात धाप लागलेली असताना घास गिळवत नाही. म्हणून चढाच्या पायथ्याशी पोहोचण्याआधी किंवा सपाट भागात खाऊन घ्यावं. पाण्याचा अंदाज घेण्यासाठी तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर वजन करावं. त्या तासात काही प्यायलं नसेल, तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. मात्र गरजेपेक्षा जास्त नुसतं पाणी पिणंही धोक्याचं आहे, कारण त्याने रक्तातलं सोडियम कमी होतं.

स्पर्धेच्या दिवशी

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, नाहीतर दंड होतो. पुढच्या सायकलस्वाराच्या अगदी मागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेणंही बहुतेक हाफ ट्रायथलॉनमध्ये नियमबाह्य आहे.

सायकलचे पहिले ३० किलोमीटर फार सोपे वाटले पाहिजेत. धावण्याचे पहिले ३ किलोमीटर मुद्दाम हळू जावेत. चढ तीव्र असेल, तर झपझप चालावं. तिथे चालणारा आणि रखडत धावणारा यांच्यात फारसं अंतर पडत नाही.

छातीत दुखणं, चक्कर, गोंधळल्यासारखं वाटणं किंवा उन्हात अचानक घाम थांबणं यांपैकी काहीही झालं, तर थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.

बाकी सगळं ठीक असेल, तर शेवटच्या ५ किलोमीटरमध्ये सकाळच्या संयमाचं फळ दिसू लागतं. घाटात जोरात पुढे गेलेले अनेक जण तेव्हा चालत असतात आणि दम राखून आलेला त्यांच्या शेजारून धावत पुढे जातो.