मालमोटार अपघात व नुकसानभरपाई

मालमोटारीच्या अपघातात मृत्यू पावलेल्याचे वारस वा जखमी व्यक्ती यांनी वाहनमालक व विमा कंपनी यांच्याकडून कायद्यान्वये मागावयाची भरपाई. भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली वारसांना दिवाणी दावा लावता येई. परंतु त्याचा खर्च व विलंब गरिबांस झेपणारा नव्हता आणि हुकूमनामा मिळाला, तरी निर्धन मालकाकडून वसुली होईलच असे नसे. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने योजलेला त्रयस्थांसाठीचा सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून अंमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तथापि चालकाची हयगय शाबीत करण्याचे ओझे अर्जदारावरच राहिले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते आवश्यक मानले. १९८२ मध्ये दोषनिरपेक्ष भरपाईचे तत्त्व कायद्यात आले : मृत्यूबद्दल १५,००० रु. व कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रु. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल ही रक्कम ५ लाख रु. आहे.

पादचाऱ्यापेक्षा मालावर बसून जाणाऱ्याची स्थिती बिकट असते. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा त्याचा मालक वा अधिकृत प्रतिनिधी यांनाच संरक्षण दिले. फुकट नेलेला प्रवासी त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरविले. जेथे बस पोहोचत नाही, अशा खेड्यांतील लोकांना हा भेद जाचक वाटावा, हे साहजिक आहे. मात्र त्याच प्रकरणात विमा कंपनीने वारसांना रक्कम प्रथम द्यावी व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेशही न्यायालयाने दिला.