फड्या निवडुंग : नाव आणि काल

संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश औंढा नागनाथ येथे झाला, अशी वारकरी परंपरा आहे. नामदेवांचा जन्म १२७० चा मानतात. त्या काळच्या औंढ्याचे वर्णन करताना एखाद्या लेखकाने शिवाराला फड्या निवडुंगाचे कुंपण घातले, तर तो कालविपर्यास होय. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील; कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी ती भारतात असणे संभवत नाही. फडा म्हणजे नागाची फणा, तेव्हा नागनाथाच्या क्षेत्री हे नाव पुरातन वाटल्यास नवल नाही. परंतु ते केवळ आकारावरून पडले आहे.

घोटाळ्याचे मूळ ‘निवडुंग’ या शब्दात आहे. एरंड-कुलातील काटेरी, मांसल वनस्पतींनाही मराठीत हेच नाव आहे; त्रिधारी निवडुंग त्यांपैकीच. सुश्रुतसंहितेतील स्नुही याच गोत्राची असून तिचा चीक तीव्र रेचक म्हणून सांगितला आहे. फड्या निवडुंगास असा दुधासारखा चीक नसतो. त्याची ओळख पिवळी फुले व तांबडी बोंडे यांवरून पटते. जुन्या ग्रंथात निवडुंगाचे दूध आढळल्यास निर्णय सोपा आहे. पुण्याच्या निवडुंग्या विठोबासारख्या नुसत्या नावावरून मात्र जात ठरविता येत नाही.

या वनस्पतीच्या प्रसारास किरमिजी रंगाचा लोभही कारण झाला. हा रंग देणारा किडा फड्या निवडुंगावर पोसतो व त्याच्या व्यापारावर स्पेनचे वर्चस्व होते. ते मोडण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. जेम्स अँडरसन यांनी मद्रासेस निवडुंगाची बाग केली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून कलकत्त्यास किडे आणले. पण ते हलक्या, रानटी जातीचे निघाले. रंगाचा धंदा बुडाला. किड्यांनी मात्र निवडुंगाची एक जात उत्तर व मध्य भारतातून जवळजवळ नाहीशी केली, आणि हा गुण लक्षात आल्यावर १८३६ च्या सुमारास ते दक्षिणेत मुद्दाम नेण्यात आले.

इतर जातींना या किड्याचा उपद्रव होत नसे. त्या फोफावतच राहिल्या. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये सिंहलद्वीपातून दुसऱ्या जातीचा किडा दक्षिण भारतात आणावा लागला, व त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांची दाट बने विरळ झाली. आज बांधावर तुरळक उभे असलेले फड्या निवडुंग पाहून त्यांच्या पूर्वीच्या विस्ताराची कल्पना येणे कठीण आहे.