तिसरा घटक : पीओ देल रिओ-ओर्तेगा आणि मेंदूतल्या पेशी

आज आपण ज्या संशोधकाबद्दल बोलणार आहोत, त्यांचं नाव आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. पीओ देल रिओ-ओर्तेगा. जन्म १८८२, स्पेनमधल्या वाय्यादोलिद प्रांतातला. शिक्षणानं डॉक्टर, पण आयुष्य गेलं सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप पाहण्यात. आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक. आम्ही या माणसाकडे का वळलो? कारण ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक काय, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न त्यांच्या कामाच्या मुळाशी आहे.

मेंदूचा पातळ काप नुसता काचेवर ठेवला तर त्यात फारसं काही दिसत नाही. रंग द्यावा लागतो. आणि कोणता रंग द्याल, त्यावर काय दिसेल ते ठरतं. माद्रिदचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणजे या विद्येतले महर्षीच. १९०६च्या नोबेलचे मानकरी. १९१३ साली त्यांनी सोन्याच्या क्षाराची एक रीत काढली. चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशी तीत लख्ख दिसू लागल्या. पण काही पेशी उरल्याच. त्यांचं केंद्रक दिसे, फांद्या दिसत नसत. काहाल यांनी ठरवलं, या बिनफांद्यांच्या पेशी. हा मेंदूचा ‘तिसरा घटक’.

इथे आपल्याला कुमारिल भट्टांची आठवण होते. जमिनीवर घट नाही हे आपण कशावरून जाणतो? तो दिसत नाही यावरून. मीमांसक याला अनुपलब्धी म्हणतात आणि प्रमाण मानतात. पण एका अटीवर : घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. सोन्याची रीत या पेशींपुरती अंधारी खोली होती!

ओर्तेगांनी रीत बदलली. चांदीच्या कार्बोनेटानं त्यांनी तेच काप रंगवायला घेतले आणि फांद्या दिसल्या. १९१९ साली त्यांनी ‘मायक्रोग्लिया’ जगापुढे मांडल्या : इजा झाली की आकार बदलून सरकणाऱ्या, मेलेल्या पेशींचा कचरा गिळणाऱ्या. १९२१ साली दुसऱ्या, मोजक्या फांद्यांच्या ‘ऑलिगोडेंड्रोग्लिया’. म्हणजे तिसरा घटक हा एक घटक नव्हताच, दोन होते. दरम्यान १९२० सालीच काहाल यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर काढलं होतं. पण काम थांबलं नाही. १९२४ साली वाइल्डर पेनफील्ड हे शल्यचिकित्सक ही रीत शिकायला मुद्दाम माद्रिदला आले.

याचा रोग्याला काय उपयोग, असं कुणी विचारेल. मेंदूतली गाठ कोणत्या पेशीसारखी आहे, यावरून तिचं वर्गीकरण करण्याची पद्धत बेली आणि कुशिंग यांनी १९२६ साली अमेरिकेत मांडली. ज्या पेशीला नावच नाही, तिच्या गाठीला नाव कसं देणार? १९२९ साली बेली आणि ब्यूसी यांनी ‘ऑलिगोडेंड्रोग्लायोमा’चं वर्णन केलं, ते ओर्तेगांच्या पेशीवर उभं आहे. स्वतः ओर्तेगांनीही मेंदूच्या गाठींवर विपुल लिहिलं.

स्मृतिभ्रंशाची कथा याहून उशिराची. अल्झायमर रोगात मेंदूत साचणाऱ्या गोळ्यांभोवती मायक्रोग्लिया गोळा होतात, हे जुनं निरीक्षण. पण २०१३ साली दिसलं की मायक्रोग्लियांशी निगडित अशा एका जनुकातल्या दुर्मीळ बदलानं या रोगाचा धोका बराच वाढतो. म्हणजे या पेशी नुसत्या सफाई कामगार नाहीत, रोगाच्या घडणीत त्यांचा हात आहे. उलट, ग्लायोब्लास्टोमासारखी गाठ याच पेशींना आपल्या वाढीसाठी राबवून घेते. दोन दुर्धर रोग, आणि दोन्हीकडे तीच पेशी.

हे पाहायला ओर्तेगा नव्हते. १९३६ साली यादवी युद्ध पेटलं. त्यांनी देश सोडला. पॅरिस, ऑक्सफर्ड आणि शेवटी ब्वेनोस आइरेस. तिथेच १९४५ साली कर्करोगानं ते गेले. १९८६ साली त्यांच्या अस्थी वाय्यादोलिदला आणल्या गेल्या.

आपल्या घरांतही एक ‘तिसरा घटक’ आहे. आजी माणसं ओळखेनाशी झाली की आपण म्हणतो, म्हातारचळ लागलाय. एकदा शब्द मिळाला की आपलं विचारणं थांबतं. मग डॉक्टरकडे नेणंही राहून जातं. त्या वेळी आपण स्वतःला एवढंच विचारावं : इथे खरोखरच काही नाही, की आपण दिवा लावलेला नाही?